साड्यांचं मॉडेलसह फोटोशूट: कामाचा क्रम, तयारी आणि नेहमी होणाऱ्या चुका

घरून किंवा छोट्या दुकानातून साड्या विकणाऱ्यांचं शूट बहुतेक वेळा उलट्या टोकानं सुरू होतं. आधी मॉडेल ठरते, मग जागा, मग तारीख. ॲडव्हान्स जातो आणि आदल्या रात्री लक्षात येतं की पाच साड्यांना ब्लाउजच नाहीत, दोन साड्यांना फॉल लावायचा राहिलाय आणि पैठणीवरच्या घड्या इस्त्रीनंही निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे राबतात, फोटो छान दिसतात, पण गिऱ्हाईक विचारतं, ‘पदर पूर्ण दाखवा ना.’ तो फोटो काढलेलाच नसतो.

एक दिवस, एक जागा, एक किंवा दोन मॉडेल आणि आठ ते बारा साड्या अशा शूटसाठी हा क्रम लिहिला आहे. कुर्ते, ओढण्या, दागिने यांनाही तो थोड्या फरकानं चालतो. शूटच्या दिवशी निर्णय घ्यायला वेळ नसतो. त्या दिवशी फक्त ठरलेलं पार पाडायचं असतं, म्हणून या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग त्या दिवसाच्या आधीचा आहे.

टप्पा १: फोटो कुठे लागणार आहेत ते लिहा

मॉडेलला फोन करण्याआधी एक कागद घ्या आणि फोटो कुठे कुठे वापरणार ते लिहून काढा. प्रत्येक जागेची मागणी वेगळी असते. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूनं चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो. इन्स्टाग्रामला उभा फोटो हवा. स्वतःच्या वेबसाइटच्या बॅनरला आडवा, एका बाजूला मजकुरासाठी मोकळी जागा सोडलेला फोटो लागतो. वाड्याच्या चौकात काढलेल्या फोटोंमधून नंतर पांढरी पार्श्वभूमी करून देणारे भेटतात, पण निऱ्यांच्या कडा आणि केस खराब होतात. पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तर त्या दिवशी ती लावूनच फोटो काढा.

मग प्रत्येक साडीची फ्रेम-यादी करा. माझ्या मते किमान या सहा हव्यातच:

१. समोरून, डोक्यापासून जमिनीपर्यंत
२. पाठमोरी, पदर पाठीवरून खाली आलेला
३. तिरकी, गुडघ्यापर्यंत
४. पदर पूर्ण उघडून, एकही चुणी नसलेला
५. काठ आणि बुट्टी अगदी जवळून
६. साडीची उलटी बाजू

सहावी फ्रेम लोक हमखास विसरतात. हातमागाच्या पैठणीत पदरावरची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे धागे हातानं गुंफून विणलेली असते, त्यामुळे उलट्या बाजूलाही ती जवळपास तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघतं. हातमागाची साडी विकत असाल तर उलट्या बाजूचा एक फोटो दहा प्रश्न वाचवतो. यंत्रमागाची असेल तर तसं सरळ लिहा आणि तोच फोटो प्रामाणिकपणे द्या.

टप्पा २: साड्यांचा आकडा कमी करा

‘पंचवीस साड्या आहेत, एका दिवसात उरकू’ हे वाक्य ऐकलं की पुढचं दृश्य डोळ्यासमोर येतं. हिशेब मांडून बघा. नीट साडी नेसवायला पंधरा-वीस मिनिटं जातात, कारण इथे निरी न् निरी बसवायची असते. दागिने, पिना आणि केसांचा बदल धरून फोटो काढायला आणखी वीस मिनिटं. म्हणजे एका साडीला चाळीस मिनिटं. स्टुडिओची शिफ्ट आठ तासांची. त्यातला पहिला तास मांडणीत आणि मेकअपमध्ये जातो, पाऊण तास जेवण, शेवटचा अर्धा तास आवराआवर. उरतात पावणेसहा तास. एका मॉडेलवर आठ ते नऊ साड्या, बस्स. दोन मॉडेल असतील आणि एकीचे फोटो चालू असताना दुसरीला साडी नेसवली जात असेल तर तेरा-चौदा. नऊवारी असेल तर ती दीड साडी धरा.

एकाच विणीच्या सहा रंगांच्या साड्या असतील तर सगळ्या मॉडेलला नेसवू नका. सर्वांत चालणारे एक-दोन रंग अंगावर दाखवा, बाकीच्यांचे टेबलावर घडी आणि पदर उघडून फोटो काढा, तेही त्याच प्रकाशात.

सावधान: एका रंगाचा फोटो काढून बाकीचे रंग संगणकावर बदलून घेऊ नका. जरीची छटा बदलते, काठ बदलतो, सावलीतला रंग खोटा दिसतो. शिवाय ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळली पाहिजे. हाती वेगळाच रंग आला तर भांडण तुमच्या अंगावर येतं.

शूटमध्ये नेसवलेली साडी नवी म्हणून विकायची नाही, हेही आताच ठरवा. तिला फॉल-पिको झालेलं असतं, मेकअप लागू शकतो, ऑर्गन्झा आणि टिश्यूवर पिनांची भोकं राहतात. ती नमुना म्हणून ठेवा किंवा तसं सांगून कमी किमतीत द्या.

टप्पा ३: ब्लाउज, परकर आणि फॉल

शूट इथेच सर्वांत जास्त अडतं.

मॉडेल ठरताच तिची मापं घ्या. तिनं पाठवलेल्या मॉडेल-कार्डावरच्या (फोटो आणि मापं असलेल्या) मापांवर ब्लाउज शिवू नका. ती मापं पाश्चात्य कपड्यांच्या हिशेबानं असतात. मुंढा, दंड, पुढची उंची, मागचा गळा यांचा त्यात पत्ता नसतो. शक्य असेल तर ती ज्या ब्लाउजमध्ये स्वतःला नीट वाटते तो एक ब्लाउज मागवून घ्या आणि तोच टेलरला नमुना द्या. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन-दोन इंच माया (जादा कापड) ठेवायला सांगा. म्हणजे पुढच्या शूटला दुसरी मॉडेल आली तरी तोच ब्लाउज उसवून बसवता येतो.

प्रत्येक साडीचा वेगळा ब्लाउज शिवायची गरज नाही. दहा साड्यांचं शूट चार-पाच ब्लाउजमध्ये निभतं: काळा, जुन्या सोन्याच्या रंगाचा, गडद हिरवा, मरून आणि एक ऑफ-व्हाइट. गळे साधे ठेवा. पाठीवर मोठी नक्षी असलेला ब्लाउज पाठमोऱ्या फोटोत साडीचा सगळा भाव खाऊन जातो. खणाचा ब्लाउज इरकलवर शोभतो, पण त्यानंतर गिऱ्हाइकांचे निम्मे मेसेज ‘ब्लाउज कुठे मिळेल?’ असेच येतात. तोही तुम्ही विकत असाल तरच वापरा.

परकर साडीच्या रंगाचे हवेत. पातळ कॉटन, लिनन आणि ऑर्गन्झामधून परकराचा रंग आरपार दिसतो आणि साडीचा रंगच बदलतो. फिकट साड्यांना पांढऱ्यापेक्षा त्वचेच्या जवळच्या रंगाचा परकर कमी दिसतो. नाडीची गाठ मागे किंवा बाजूला घ्या, समोर फुगवटा येतो. घेरदार परकराऐवजी अंगालगत बसणारा परकर असेल तर निऱ्या सरळ पडतात.

फॉल-पिको शूटच्या किमान चार दिवस आधी झालेलं असावं. फॉलशिवाय निऱ्या जमिनीपाशी गोळा होतात आणि काठ मुडपतो. नवा फॉल लावण्याआधी भिजवून वाळवायला सांगा. नाहीतर पुढे इस्त्रीची वाफ लागली की तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात.

तपासा: प्रत्येक साडीचा एक सेट करा. साडी, ब्लाउज, परकर, दागिने, चप्पल असं सगळं एका पिशवीत आणि वर क्रमांकाची चिठ्ठी. एकाही पिशवीत काही कमी असेल तर ती साडी यादीतून काढा. ‘त्या दिवशी बघू’ असं म्हणून ठेवलेली साडी त्या दिवशी कोणी बघत नाही.

टप्पा ४: तारीख आणि माणसं

तारीख धरण्याआधी पंचांगातले लग्नाचे मुहूर्त बघा. चांगल्या मेकअप आर्टिस्ट आणि साडी नेसवणाऱ्या ताई मुहूर्ताच्या दिवशी मिळत नाहीत, मिळाल्या तर जास्त पैसे घेतात आणि दुपारी निघून जातात. चातुर्मासात हीच मंडळी मोकळी असतात. दिवाळीच्या विक्रीसाठी आषाढात शूट करणं दोन्ही बाजूंनी सोयीचं पडतं. गणपतीच्या आधी फोटो हातात येतात. पावसाची हवा आणि वीज जाण्याचा धोका असतो, त्यामुळे आषाढात बंदिस्त जागाच घ्या आणि तिथे जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का ते विचारा.

फोटोग्राफर निवडताना त्याच्या पानावरचे सुंदर चेहरे बघू नका. कापडाचं काम केलंय का ते विचारा आणि एडिट न केलेले तीन-चार फोटो मागा. लग्नाचे फोटो उत्तम काढणारा माणूस साडीत चुकू शकतो, कारण त्याचं लक्ष चेहऱ्यावर असतं.

मॉडेलचं वय तुमच्या गिऱ्हाइकाच्या जवळपासचं असू दे. बारा हजारांची पैठणी घेणारी बाई पस्तिशी-चाळिशीची असेल तर एकोणीस वर्षांच्या मुलीवर तिला ती साडी कळत नाही. मॉडेलकडून साध्या मोबाइलवर काढलेला, साडी नेसून चालतानाचा एक व्हिडिओ मागवा. साडीत वावरता येतं की नाही ते दहा सेकंदांत समजतं. नखं, मेंदी, दंडावरचा टॅटू याबद्दल आधीच बोला. पारंपरिक साडीला लांब चकचकीत नखं जवळच्या फोटोत फार खटकतात.

मेकअप करणारी आणि साडी नेसवणारी या दोन वेगळ्या व्यक्ती हव्यात. एकीनंच दोन्ही करायचं ठरवलं की प्रत्येक साडीमागे पंधरा मिनिटं वाया जातात. या दोघींशिवाय एक मदतनीस लागेलच: इस्त्री, घड्या, चहा, धावपळ यासाठी.

टप्पा ५: लेखी काय हवं

दोन कागद वेगवेगळे असतात. बरेच जण ते एकच समजतात.

पहिला फोटोग्राफरसोबतचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, तुम्ही मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक तुम्ही असता, पण उलट करार नसेल तरच. फोटोग्राफरच्या छापील अटींमध्ये नेमका तो उलट करार असू शकतो, म्हणून सही करण्याआधी वाचा. मोबदल्याशिवाय ‘कोलॅब’ म्हणून काढलेल्या फोटोंचा हक्क सहसा फोटोग्राफरकडे राहतो. हक्क तुमच्या नावावर करून घेत असाल तर मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मराठी गिऱ्हाइकांना विकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. फोटो किती मिळणार, एडिट केलेले किती, किती दिवसांत आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या हेही त्यातच येऊ द्या.

दुसरा कागद मॉडेलच्या संमतीचा. फोटो कुठे वापरणार, किती काळ, होर्डिंगवर किंवा पैशांच्या जाहिरातीत वापरणार का, दुसऱ्या विक्रेत्याला देणार का, हे एकेक करून लिहा. तिचा चेहरा किंवा शरीर एआयनं दुसऱ्या साड्यांमध्ये वापरणार का, हे आता लिहावंच लागतं. संमती नसेल तर वापरायचं नाही. मॉडेल अठरा वर्षांखालची असेल तर पालकांची सही लागते.

सावधान: सही शूटच्या आधी घ्या. संध्याकाळी सगळे थकलेले असताना पुढे केलेला कागद कोणी वाचत नाही, आणि न वाचता केलेल्या सहीवरून पुढे संबंध बिघडतात.

टप्पा ६: जागा आणि प्रकाश

वाडा, घाट, देवळाचं आवार सगळ्यांना हवं असतं. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, रायगड या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतल्या जागा आहेत. तिथे व्यावसायिक शूटला परवानगी लागते. तिकीट काढून आत गेलो म्हणजे चालतं असं नाही. खासगी वाड्यात मालकाची लेखी परवानगी, कपडे बदलायला बंद खोली, स्वच्छ संडास आणि इस्त्रीला पॉइंट, एवढं बघून या. पहिलंच शूट असेल तर माझा कल सरळ स्टुडिओकडे आहे.

जागा बघायला जाताना दोन साड्या बरोबर न्या: एक भरपूर जरीची, एक फिकट रंगाची. ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला जा. हिरव्या भिंतीजवळ किंवा लॉनवर फिकट साडीच्या खालच्या भागाला हिरवी झाक येते, लाल फरशीवर लालसर. डोळ्याला ती जाणवत नाही, फोटोत लगेच दिसते.

जरीला समोरून थेट फ्लॅश किंवा रिंग लाइट मारला की ती पांढरी चमकते आणि सोनेरीपणा जातो. मोठा, मऊ प्रकाश बाजूनं, साधारण पंचेचाळीस अंशांतून हवा. म्हणजे जरीचा रंग सोनेरी राहतो आणि विणीचा उठावही दिसतो. खिडकीचा उजेड आणि छतावरच्या ट्यूब एकत्र ठेवू नका. एक निवडा, दुसरं बंद करा.

धूपछाँव पैठणीचं वेगळंच प्रकरण आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे समोरून जांभळी दिसणारी साडी बाजूनं लालसर दिसते. अशा साडीचा एकच फोटो दिला की ‘रंग वेगळा आला’ ही तक्रार ठरलेली. तिच्यासाठी एक छोटा व्हिडिओ घ्या, मॉडेल हळू वळताना, आणि वर्णनात दोन्ही रंग लिहा.

टप्पा ७: साड्यांचा क्रम लावा

पिशव्यांवरचे क्रमांक मनाला येईल तसे टाकू नका. क्रम चार गोष्टींवर ठरतो, त्याही याच उतरंडीनं.

पहिली पार्श्वभूमी. ती बदलायला सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून एका पार्श्वभूमीच्या सगळ्या साड्या सलग घ्या.

दुसरी केस. मोकळे केस, मग वेणी, मग अंबाडा किंवा खोपा, मग गजरा. हा क्रम उलटा फिरवता येत नाही. स्प्रे मारून घातलेला अंबाडा सोडला की केसांना वळ पडलेले असतात आणि ते सरळ करण्यात अर्धा तास जातो. गजरा सकाळी आणून डब्यात, ओल्या कापडात ठेवा, बारानंतर काढा.

तिसरी मेकअप. हलक्यापासून गडदाकडे. फिकी लिपस्टिक गडद करता येते, गडद पुसून फिकी केली की ओठांभोवती डाग राहतो. चंद्रकोर, नथ, ठुशी, हिरवा चुडा असलेल्या सणाच्या साड्या साहजिकच दुपारनंतर येतात.

चौथी ब्लाउज. सारख्या ब्लाउजच्या साड्या लागोपाठ घ्या.

हे सगळं बसवून झालं की आपली सर्वांत महत्त्वाची साडी कुठे आली ते बघा. ती पहिली नसावी, कारण पहिल्या साडीला सगळे अजून चाचपडत असतात. शेवटचीही नसावी, तेव्हा मॉडेलचे पाय दुखत असतात. दुसऱ्या ते चौथ्या जागेवर ती बसली तर उत्तम. त्यासाठी वरचा एखादा नियम मोडावा लागला तरी मोडा.

मग वेळापत्रक एका पानावर लिहा: किती वाजता कोणती साडी, कोणत्या मॉडेलवर, कोणत्या फ्रेम. खाली पत्ता, पार्किंग, सगळ्यांचे फोन नंबर. आदल्या दिवशी दुपारपर्यंत ते सगळ्यांना पोहोचू दे. शेवटच्या दोन साड्यांपुढे ‘वेळ उरला तर’ असं लिहा. यादी कापायची वेळ आली तर काय कापायचं ते त्या क्षणी ठरवायला नको.

टप्पा ८: आदले दोन दिवस

साड्या दोन दिवस आधी घडीतून काढून हँगरवर किंवा स्वच्छ दांडीवर टाका. निम्म्या घड्या आपोआप सुटतात. उरलेल्यांसाठी रेशमाला मंद इस्त्री, उलट्या बाजूनं, वर सुती कापड ठेवून. स्टीमर वापरणार असाल तर आधी तो बाजूला धरून दोन मिनिटं चालवा. सुरुवातीला त्यातून पाण्याचे थेंब उडतात आणि रेशमावर त्यांचे डाग राहतात.

पेटीत काय हवं: लहान-मोठ्या सेफ्टी पिना मोजून, कपड्याच्या क्लिपा, दुहेरी चिकटपट्टी, सुई आणि पाच-सहा रंगांचे दोरे, लिंट रोलर, टिकल्या, जादा नाड्या, पांढरा खडू, ओले पुसणे, मोठी चादर. चादर अंथरून त्यावर साडी नेसवा, म्हणजे स्टुडिओची धूळ काठाला लागत नाही. शिवाय प्रत्येक साडीचा कोड मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड.

तपासा: एक साडी घरातल्या कोणालातरी पूर्ण पिना लावून नेसवा, खिडकीपाशी उभं करा आणि मोबाइलवर सहाही फ्रेम काढून बघा. यादीत काय अशक्य आहे ते इथेच कळतं.

टप्पा ९: शूटचा दिवस

कपडे बदलायच्या खोलीबद्दल आधी. दार आतून बंद होणारं हवं. आत फक्त मॉडेल आणि साडी नेसवणारी ताई. कोणीही पडद्यामागचा व्हिडिओ तिथे काढायचा नाही, अगदी तुमच्या इन्स्टाग्रामसाठीसुद्धा. जेवण वेळेवर, आणि उशीर झाला तर मॉडेल घरी कशी जाणार ते सकाळीच ठरलेलं हवं.

प्रत्येक साडीची पहिली फ्रेम कोड-कार्डाची. मॉडेलनं कार्ड धरून एक फोटो, शेजारी करडं कार्ड असेल तर आणखी चांगलं. नंतर रंग त्यावरून बसवता येतो. हे टाळलं तर आठवड्यानं सहाशे फोटोंमध्ये ‘ही कुठली हिरवी?’ असं शोधत बसावं लागतं.

मग फ्रेमचा क्रम. पदर उघडा, एकपदरी ठेवून आधी सगळे फोटो घ्या आणि मगच पदराच्या निऱ्या घाला. निऱ्या घातलेल्या पदरावर पट्ट्या उमटतात आणि तो पुन्हा सपाट दिसत नाही. नेमकी हीच गोष्ट बहुतेक जण उलटी करतात, कारण नेसवणारीच्या हाताला निऱ्यांची सवय असते. पदर पूर्ण दाखवताना मॉडेलनं एक टोक हातात धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला न्यावा. दुसरं टोक चौकटीबाहेरून मदतनिसानं ताणून धरावं, खालची कड जमिनीला समांतर.

पूर्ण उंचीच्या फोटोला कॅमेरा मॉडेलच्या कमरेच्या उंचीवर हवा. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढला तर पाय आखूड दिसतात आणि निऱ्या दबतात. मोबाइल वापरत असाल तर वाइड लेन्स टाळा. मागे जा आणि दुप्पट झूम घ्या. चपलेची टाच दिवसभर एकाच उंचीची ठेवा, नाहीतर काही साड्या जमिनीला टेकतात आणि काही वर उचलल्यासारख्या दिसतात.

मॉडेलला सूचना नेमक्या द्या. ‘जरा ग्रेसफुल’ म्हणून काहीच होत नाही. ‘डावा खांदा कॅमेऱ्याकडे, वजन मागच्या पायावर, उजव्या हातानं निरी दोन बोटं उचल’ म्हटलं की लगेच होतं.

एका व्यक्तीचं काम फक्त साडीकडे बघणं. मॉडेल सुंदर दिसतेय की नाही ते फोटोग्राफर बघेल. ही व्यक्ती लॅपटॉपच्या किंवा टॅबच्या मोठ्या पडद्यावर एवढंच तपासेल: निऱ्यांची खालची रेघ सरळ आहे का, खांद्यावरची पिन दिसतेय का, ब्लाउजच्या हुकापाशी फट आहे का, आतल्या कपड्याची पट्टी बाहेर आलीय का, हात पदरावरच्या मोरावर आलाय का, काठ उलटा वळलाय का. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही.

तांत्रिक अडचणी दोनच, पण त्या हमखास येतात. राणी, गडद लाल, चटक केशरी या रंगांत कॅमेऱ्याची लाल वाहिनी (लाल रंग नोंदवणारा भाग) भरून जाते आणि विणीचा तपशील जाऊन सपाट रंगाचा पट्टा उरतो. फोटोग्राफरला कॅमेऱ्यातला लाल-हिरवा-निळा अशा तिन्ही रंगांचा आलेख बघायला आणि फोटो थोडा कमी उजळ काढायला सांगा, फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली). दुसरी अडचण बारीक चौकडीच्या किंवा रेघांच्या साड्यांची, इरकल आणि महेश्वरीत विशेष: फोटोत इंद्रधनुषी लहरी दिसतात. कधी त्या फक्त पडद्याच्या असतात, म्हणून शंभर टक्के मोठं करून बघा. तरीही असतील तर दोन पावलं पुढे-मागे व्हा किंवा कोन बदला.

सावधान: जागा सोडण्याआधी सगळे फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या आणि मधलेच चार-पाच उघडून बघा. तोवर एकही मेमरी कार्ड रिकामं करायचं नाही.

टप्पा १०: निवड, रंग आणि फोटो चढवणं

निवड तुम्ही करा. फोटोग्राफर चेहऱ्याचे भाव बघून निवडतो, तुम्हाला काठ दिसणारा फोटो हवा असतो. साडीमागे सहा फ्रेम ठरवल्यात, तर आठच निवडा. तीस फोटो एडिटला देऊन कोणाचंच भलं होत नाही.

एडिटिंगला दोन गोष्टी स्पष्ट बजावा. मॉडेलची कंबर बारीक करायची नाही, कारण तसं करताना शेजारचा काठ वाकतो आणि लक्ष देऊन बघणाऱ्याला ते कळतंच. आणि त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर सगळ्या फोटोवर टाकायचा नाही; कापडाचा पोत आधी जातो. मॉडेलचा रंग उजळ करू नका. तिच्यासोबत साडीचाही रंग फिका होतो, आणि खरं तर ते तसंही अशोभनीय आहे.

रंग तपासताना प्रत्यक्ष साडी दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरा. एका महागड्या आणि एका स्वस्त मोबाइलवर बघा, गिऱ्हाईक त्यावरच बघणार आहे. फाइल एसआरजीबीमध्ये (मोबाइल आणि वेबसाइटवर चालणाऱ्या नेहमीच्या रंगपद्धतीत) काढून घ्या. नाव साडीच्या कोडवरून द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर जरीची बारीक नक्षी चिखल होते.

फोटोखालच्या वर्णनात एक ओळ न चुकता: मॉडेलनं घातलेला ब्लाउज आणि दागिने साडीसोबत येतात की नाही. ब्लाउज पीस असेल तर त्याचा वेगळा सपाट फोटो.

शूट संपलं की साड्या त्याच रात्री पिशवीत कोंबू नका. पिना मोजून परत पेटीत टाका. एखादी निरीत राहिली तर गंजून डाग पाडते. गळ्याजवळचा आणि खांद्यावरचा भाग उजेडात बघा, फाउंडेशन तिथेच लागतं. साड्या रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवा आणि जुन्या रेघा सोडून वेगळी घडी घालून सुती कापडात गुंडाळा. ब्लाउज धुऊन, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी लावून ठेवा. पुढच्या शूटला टेलरकडचा निम्मा खर्च वाचेल.